‘छान अनुभव आला’ याला गुण किती?

ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या ठिकाणी घ्यायचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट आणि ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरचे कोर्स अशा ऑनलाइन शिक्षणात प्रत्यक्ष काम कसं करायचं, आणि त्याच्या शेवटी मागितलं जाणारं ‘रिफ्लेक्शन’, म्हणजे केलेल्या कामाकडे मागे वळून पाहून लिहिलेली नोंद, कसं लिहायचं, तपासायचं, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

आमच्या बीकॉमच्या ऑनलाइन पेपरमध्ये प्रत्यक्ष काम झाल्यावर ‘तुमचा अनुभव लिहा’ अशी असाइनमेंट असते. साठातल्या पन्नास मुलांनी ‘छान अनुभव आला, खूप काही शिकायला मिळालं, सर्वांचे आभार’ एवढंच लिहून दिलं. मुलं आळशी आहेत की आमचं काही चुकतंय? – प्राध्यापिका, चिपळूण

प्रश्न जसा विचारलात तसंच उत्तर आलं. ‘अनुभव लिहा’ म्हटलं की मुलांना शाळेतला सहलीचा निबंध आठवतो. तो सूर्योदयाने सुरू होतो आणि शिक्षकांचे आभार मानून संपतो. त्यात ऑनलाइन कोर्समध्ये वाचणारा माणूस समोर दिसत नाही. त्याला काय आवडेल याचा अंदाज नसला की मुलं सगळ्यात बिनधोक वाक्य लिहून मोकळी होतात.

पहिला बदल करायचा तो वेळेत. रिफ्लेक्शनची सुरुवात काम संपल्यावर होते हा समज सोडा. कामाला हात लावण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. गुगल फॉर्मवर दोनच प्रश्न पुरतात: काय निघेल असं वाटतं, आणि का? फॉर्म तारीख-वेळ आपोआप नोंदवतो, आणि उत्तर बदलायची मुभा बंद ठेवली की नंतर कुणाला अंदाज बदलता येत नाही. हा टप्पा गाळला तर शेवटी प्रत्येक जण ‘हे मला वाटलंच होतं’ म्हणतो. ते खोटं बोलत नसतात. निकाल कळल्यावर आधीचा अंदाज खरोखरच आठवत नाही.

काम चालू असताना एक कच्ची नोंद हवी: वजन, वेळ, बिलाची प्रत, वहीच्या पानाचा फोटो, काहीही चालेल. काम संपल्यावर चार प्रश्न विचारा. अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय निघालं? फरक कुठून आला? शिकवलेल्यातलं काय इथे लागू पडलं आणि काय पडलं नाही? उद्या हेच काम पुन्हा करायचं झालं तर नेमकं काय वेगळं कराल? शब्दमर्यादा दीडशे ते दोनशे. पाचशे शब्द मागितलेत की तीनशे शब्द कारखान्याच्या इतिहासावर खर्च होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात मुलाला शंभर किलो बीच्या लॉटचं कॉस्टिंग करायला दिलं. त्याने आधी अंदाज लिहिला: तीस किलो गर निघेल आणि सगळा डब्ल्यू २४०च्या भावाने जाईल. (डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण २४० अख्खे गर. आकडा जितका मोठा तितका गर लहान.) प्रत्यक्षात पंचवीस किलो गर निघाला आणि त्यातही पाकळी (अर्धे झालेले गर) आणि कणी (तुकडे) वेगळी काढावी लागली. ‘छान अनुभव आला’ याच्या जागी या मुलाची नोंद अशी व्हायला हवी:

‘मी सगळा गर एकाच भावाने धरला होता. पंचवीसपैकी सहा किलो पाकळी आणि कणी निघाली, तिचा भाव बराच कमी आहे. बी पुरेशी वाळली नव्हती हे वजन करताना माझ्या लक्षात आलं नाही, म्हणून उताराही जास्त धरला गेला. संयुक्त उत्पादनाचं कॉस्टिंग आम्ही शिकलो होतो, पण खर्च ग्रेडवार विभागायचा म्हणजे काय हे ग्रेडिंगच्या टेबलाशी कळलं. पुढच्या लॉटला बी घेतानाच ओलावा विचारीन, आणि आधी ग्रेडवार वजन करून मगच भाव लावीन.’

एवढंच. यात आनंद झाला की नाही हे कुठेही आलेलं नाही, तरी मुलाचं डोकं कुठे वळलं ते स्पष्ट दिसतं.

काही पत्रांत गिब्जच्या चक्राबद्दल विचारलं आहे. अनुभवावर विचार करण्यासाठी ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले सहा टप्पे असे: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. त्याआधी १९८४ मध्ये डेव्हिड कोल्ब यांनी चार टप्प्यांचं चक्र मांडलं होतं: अनुभव घ्यायचा, त्याकडे मागे वळून पाहायचं, त्यातून नियम काढायचा आणि तो पुन्हा करून पाहायचा. दोन्ही चांगली आहेत. पण गिब्जचे सहा मथळे छापील तक्त्यासारखे मुलांच्या हाती दिलेत की तीन चतुर्थांश मजकूर ‘वर्णना’त जातो आणि ‘भावना’ या चौकटीत ‘मला आनंद झाला’ येतं. नर्सिंग आणि शिक्षक-प्रशिक्षणात हे मॉडेल फार वापरतात. रुग्णासमोर किंवा वर्गासमोर आपल्या मनात काय चाललं होतं याचा तिथे निर्णयावर परिणाम होतो, त्यामुळे ती चौकट तिथे शोभते. कॉस्टिंगच्या पेपरमध्ये ती खुशाल काढून टाका.

आणखी एक छोटी गोष्ट. चर्चा मूडलवर (ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर) घेत असाल तर प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम निवडा. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांची दिसत नाहीत. साध्या फोरमवर पहिल्या हुशार मुलीचं उत्तर पुढच्या चाळीस जणांच्या तोंडी येतं.

रिफ्लेक्शनला दहापैकी गुण देताना हात थरथरतो. कुणाची भाषा चांगली, कुणाची तोडकीमोडकी. आणि अठ्ठ्याऐंशी मुलांची पाच-पाच रिफ्लेक्शन्स वाचायची कधी? – प्राध्यापक, अलिबाग

आधी वेळेचा हिशोब. एका नोंदीला चार मिनिटं धरली तर अठ्ठ्याऐंशी नोंदींना सहा तास लागतात, पाच फेऱ्यांना तीस. हे होणार नाही, आणि झालं तरी शेवटच्या वीस मुलांना तुमच्या थकव्याचे गुण मिळतील. म्हणून पाचही नोंदी मागवा, पण पाचांना फक्त ‘दिली’ किंवा ‘दिली नाही’ एवढीच खूण करा. गुण दोनच नोंदींना द्या: एक मुलाने स्वतः निवडलेली, दुसरी तुम्ही निवडलेली. तुमची कोणती ते शेवटपर्यंत सांगू नका.

दहा गुणांची वाटणी अशी करता येईल. अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक नेमका मांडला असेल तर तीन. त्याला कच्च्या नोंदीचा पुरावा जोडला असेल तर तीन. कारण विषयातल्या संकल्पनेशी जोडलं असेल तर दोन. पुढच्या वेळचा बदल करून पाहता येईल इतका ठोस असेल तर दोन. ‘जास्त मेहनत घेईन’ याला शून्य, ‘बी घेताना ओलावा विचारीन’ याला दोन. भाषेला गुण नाहीत. अंदाज चुकला म्हणूनही गुण कापायचे नाहीत. एकदा कापलेत की पुढच्या फेरीत सगळ्यांचे अंदाज चमत्कारिकरीत्या बरोबर येऊ लागतील.

ही वाटणी मुलांना काम सुरू व्हायच्या आधी दाखवा. शक्य असेल तर तुम्ही आणि विभागातल्या आणखी एकाने त्याच पाच नोंदी वेगवेगळ्या तपासून गुण ताडून पाहा. दोन गुणांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर बहुधा वाटणीतलं एखादं वाक्य मोघम असतं. आमच्या पाहण्यात ते बहुतेक वेळा ‘संकल्पनेशी जोडलं’ हेच असतं. तिथे एक नमुना-वाक्य लिहून ठेवा.

राजापूर तालुक्यात आमच्या वाडीत जून ते सप्टेंबर नेटवर्क असतं-नसतं. वीज गेली की टॉवरही बंद. सबमिशनची मुदत रात्री ११.५९ची असते. काय करावं? – विद्यार्थिनी

मूडलचं मोबाइल ॲप असेल तर एसटी स्टँडवर किंवा कॉलेजात रेंज मिळाली की त्या आठवड्याचा भाग डाउनलोड करून ठेवा. असाइनमेंटचं लेखी उत्तर आणि फोरमवरचं उत्तर ऑफलाइन लिहिता येतं. रेंज आली की ते वर जातं. क्विझ मात्र शिक्षकांनी ‘ऑफलाइन’ची परवानगी दिली असेल तरच सोडवता येते, तेव्हा ती परवानगी द्यायला त्यांना सांगा. गुगल डॉक्समध्येही फाइल ऑफलाइन ठेवायची सोय आहे. पण ती आधी चालू करावी लागते, रेंज गेल्यावर नाही.

व्हिडिओ मागितला असेल तर त्याऐवजी आवाजाची नोंद चालेल का ते विचारा. दोन मिनिटांचा व्हिडिओ फोनच्या नेहमीच्या सेटिंगवर शंभर एमबीच्या पुढे सहज जातो, तर व्हॉट्सॲपवरची तेवढीच व्हॉइस नोट एक एमबीलाही पोहोचत नाही. हाही मार्ग नसेल तर वहीत लिहा, पानावर तारीख टाका आणि उजेडात फोटो काढा. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत चांगली चालते, पण गावांची नावं, झाडांची नावं आणि आकडे ती हमखास बिघडवते. पाठवण्याआधी तेवढे तपासा.

हे शिक्षकांसाठी: मुदत मध्यरात्रीची न ठेवता तीन-चार दिवसांची खिडकी ठेवा. आणि गणपतीच्या पाच दिवसांत कोकणात काही सबमिट होईल अशी आशा धरू नका. वेळापत्रकातच ते दिवस मोकळे सोडलेले बरे.

माझं तारकर्लीजवळ होमस्टे आहे. कॉलेजची मुलं ओजेटीला येतात, फोटो काढतात, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटवर सही मागतात. माझ्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे? – व्यावसायिक, मालवण तालुका

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ओजेटी बहुतेक ठिकाणी चार क्रेडिटचं आहे. एका क्रेडिटला तीस तास धरले तर एकशे वीस तास होतात, म्हणजे रोज सहा तासांप्रमाणे वीस दिवस. मुलगा चार दिवस येऊन गेला असेल तर एकशे वीस तासांवर सही करू नका. हजेरीची सही रोजच्या रोज करा, शेवटी एकगठ्ठा नको.

मुलांना ‘सगळं बघ’ म्हणू नका. एक छोटा प्रश्न त्यांच्या हाती सोपवा, ज्याचं उत्तर तुम्हालाही हवं आहे. सकाळच्या नाश्त्याचं किती उरतं आणि कोणत्या दिवशी? खोली दुपारी दोन वाजता मिळेल असं सांगूनही पाहुण्यांना थांबावं का लागतं: चादरी वाळत नाहीत म्हणून, की आधीचे पाहुणे उशिरा निघतात म्हणून? ऑनलाइन परीक्षणांत एकच तक्रार किती वेळा येते? मुलाने आठवडाभर मोजायचं, एक बदल सुचवायचा, तुम्ही होकार दिलात तर तो करायचा आणि पुढचा आठवडा पुन्हा मोजायचं. यातला दुसरा आठवडा बहुतेक ओजेटींमधून गळतो. बदल सुचवून मुलं निघून जातात आणि तो चालला की नाही हे ना त्यांना कळतं ना तुम्हाला.

शनिवार-रविवारच्या गर्दीत मोजमाप सुरू करू नका. सोमवारी करा. आणि आठवड्यातून दहा मिनिटं बसून तीन गोष्टी विचारा: काय मोजलंस, काय अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं, आता काय करून बघणार? कॉलेजचे मेंटर फोनवर असतात. मुलाच्या नजरेसमोर तुम्हीच असता, त्यामुळे या दहा मिनिटांचं मोल त्यांच्या तासाभराच्या ऑनलाइन मीटिंगपेक्षा जास्त आहे.

पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, फोन नंबर आणि नोंदवहीची पानं मुलांच्या फोनमध्ये जाऊ देऊ नका. अहवालात ‘चौघांचं कुटुंब, पुणे’ एवढं पुरतं.

ओजेटीच्या ठिकाणी सुपरवायझरचं वागणं चांगलं नाही. हे रिफ्लेक्शनमध्ये लिहू का? – विद्यार्थिनी, रत्नागिरी

नको. ती नोंद गुणांसाठी चार जणांच्या हातून जाते, आणि तक्रार म्हणून तिच्यावर कारवाई होईलच असं नाही. आधी मेंटरला फोन करा आणि त्याच दिवशी लेखी मेसेज पाठवा, म्हणजे तारीख राहील. लैंगिक त्रासाचा प्रश्न असेल तर कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. २०१३च्या कायद्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५च्या नियमांनी ही समिती प्रत्येक कॉलेजात असावीच लागते. जागा बदलून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि झालेले तास वाया जाऊ नयेत असंही मेंटरला स्पष्ट सांगा.

मुलगा बीएस्सीला आहे, फील्ड प्रोजेक्टचं मार्गदर्शन ऑनलाइनच होतं. आमची हापूसची बाग आहे. घरच्या बागेतलं काम प्रोजेक्ट म्हणून चालेल का? – बागायतदार, देवगड

कॉलेजची परवानगी असेल तर चालेल, पण सही तुमची एकट्याची नको. वडिलांच्या सहीवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते रास्त आहे. शेजारचे बागायतदार, कृषी सहायक किंवा मुलाचे प्राध्यापक यांच्यापैकी कुणी दोन वेळा प्रत्यक्ष येऊन पाहील अशी सोय करा.

विषय म्हणून साका, म्हणजे आंब्याच्या गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग, घ्या. तो फळ कापल्याशिवाय दिसत नाही, बाहेरून फळ देखणं आणि पिकलेलं असतं, त्यामुळे गिऱ्हाइकाची शिवी बागायतदाराला बसते. जास्त पक्व झालेल्या फळात आणि काढणीनंतर उन्हात, तापलेल्या कातळावर पडून राहिलेल्या फळात साक्याचं प्रमाण वाढतं. म्हणून चौदा आण्यांवर, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार फळ, सकाळी लवकर काढून लगेच सावलीत न्यावं अशी शिफारस आहे. तुमच्या बागेत ती कितपत पाळली जाते आणि फरक किती पडतो, हा प्रोजेक्ट होऊ शकतो.

मांडणी अशी. दोन गट करा. दोन्ही गटांची फळं त्याच चार झाडांवरून, त्याच दिवशी, एकाच माणसाने निवडलेली असावीत. प्रत्येक गटात चोवीस, म्हणजे दोन डझन. पहिला गट सकाळी नऊच्या आत काढून थेट सावलीत न्या. दुसरा गटही त्याच वेळी काढा, पण एरवी बागेत पडून राहतो तसा दुपारपर्यंत उघड्यावर ठेवा. फळं नूतन झेल्याने देठासकट काढा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा हा झेला देठ कापतो, फळ ओढत नाही, त्यामुळे चीक फळावर ओघळत नाही. मग दोन्ही गट एकाच खोलीत, शेजारशेजारच्या वेगळ्या अढीत पिकवा. पिकल्यावर सगळी कापा आणि साका आहे की नाही, असल्यास किती मोठा, याची नोंद करा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, दुसऱ्या गटाची फळं दुपारी काढली जातात. मग काढणीची वेळ आणि ऊन अशा दोन गोष्टी एकदम बदलतात आणि साका कशामुळे आला ते सांगता येत नाही. दोन, अढीत फळं मिसळतात. फळावर पेनाने खूण केली तर पिकताना ती पुसट होते, म्हणून देठाला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधा. तीन, आणि हे सगळ्यात जास्त, कापणाऱ्याला कोणतं फळ कोणत्या गटातलं ते माहीत असतं. मग ‘थोडा साका’ एका गटात साका ठरतो आणि दुसऱ्यात नाही. चिठ्ठ्यांवर नुसते आकडे घाला, यादी मुलाकडे राहू द्या आणि कापायला आजीला बसवा.

मुलाने आधी अंदाज लिहिलेला असावाच. आणि आकडे आल्यावर सांभाळून बोलावं. चोवीसपैकी एका गटात तीन आणि दुसऱ्यात पाच असा निकाल आला तर तो योगायोगही असू शकतो. तीन आणि चौदा आला तर बोलायला जागा आहे. रिफ्लेक्शनमध्ये ‘सिद्ध झाले’ हा शब्द दिसला की आम्ही थांबून पुन्हा वाचतो. ‘आमच्या चार झाडांवर या वर्षी असं दिसलं’ हे वाक्य जास्त भरवशाचं आहे.

एक अडचण वेळापत्रकाची आहे. तुमच्याकडे काढणीचा भर एप्रिल-मेमध्ये असतो, आणि सेमिस्टर तोवर परीक्षेला टेकलेलं असतं. पहिल्या बहराची फळं मार्चमध्ये मिळत असतील तर ती धरा. नाहीतर विषय बदलून डिसेंबर-जानेवारीतला मोहोर घ्या: किती फांद्यांना मोहोर आला आणि त्यातून किती फळं टिकली. आणि अठ्ठेचाळीस फळं कापली जाणार, म्हणजे चार डझन आंबे विक्रीतून गेले, याची घरात आधी बोलणी करून ठेवा.

चाळीसपैकी निम्मी रिफ्लेक्शन्स एकसारखी, गुळगुळीत आली. चॅटजीपीटीने लिहिली असणार. शोधून काढणारं सॉफ्टवेअर वापरू का? – प्राध्यापक, सावंतवाडी

त्याच्या भरवशावर कुणावर ठपका ठेवू नका. ही साधनं चुकतात, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांचं प्रामाणिक इंग्रजी लिखाण यंत्राचं ठरवण्याची चूक त्यांच्याकडून झालेली दिसून आली आहे. आपली मुलं नेमकी त्याच गटात येतात.

गुगल डॉक्समधला बदलांचा इतिहास पाहता येतो. पूर्ण मजकूर एका क्षणात आलेला दिसला तर विचारायला हरकत नाही, पण तोही पुरावा नव्हे. मुलगी व्हॉट्सॲपवर लिहून तिथून चिकटवतही असेल. उपाय दुसरीकडे आहे. यंत्राला मुलाचा बारा तारखेचा अंदाज माहीत नसतो, वहीतलं खाडाखोड केलेलं पान माहीत नसतं. हे दोन्ही जोडल्याशिवाय नोंद घेऊच नका. मग दर फेरीत पाच-सहा मुलांना फोनवर दोन मिनिटांची तोंडी विचारणा करा: हा आकडा कसा मोजलास? कोण हजर होतं? हाच बदल का, दुसरा का नाही? काम केलेलं मूल अडखळत का होईना सांगतं. न केलेलं मूल नोंदीतलीच वाक्यं पुन्हा म्हणतं.

शुद्धलेखन सुधारायला यंत्र वापरलं तर चालेल, पण तसं शेवटी एका ओळीत लिहायचं, असा नियम ठेवा. सरसकट बंदी घातली तर वापर थांबणार नाही, फक्त लपून होईल.

माझं माध्यम इंग्रजी. पण विचार मराठीतच येतो. रिफ्लेक्शन मराठीत लिहिलं तर चालेल का? – विद्यार्थी, दापोली

पेपरच्या समन्वयकांना विचारा, नियम विषयागणिक वेगळा असू शकतो. परवानगी मिळाली तर मराठीत लिहा आणि पारिभाषिक शब्द जसे शिकवले तसेच ठेवा. नाही मिळाली तरी पहिला खर्डा मराठीतच करा. कारण शोधायचं काम तिथे होऊ द्या आणि इंग्रजी नंतर करा.

‘स्वयम्’वर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) बारा आठवड्यांचा कोर्स घेतला आहे. नुसते व्हिडिओ आणि बहुपर्यायी प्रश्न. यात ‘प्रत्यक्ष’ काय करणार? – विद्यार्थी, रत्नागिरी

आधी गुणांचं गणित. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी पंचवीस गुणांत धरतात. उरलेले पंचाहत्तर प्रत्यक्ष केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे. प्रमाणपत्राला पंचवीसपैकी किमान दहा आणि पंचाहत्तरपैकी किमान तीस, असे दोन्ही लागतात. रिफ्लेक्शनला इथे एकही गुण नाही. तुमचं कॉलेज लोकल चॅप्टर, म्हणजे एनपीटीईएलशी जोडलेलं कॉलेज, असेल तर तिथे मेंटर असतात. अंतर्गत मूल्यमापनात याला जागा देता येईल का ते त्यांना विचारा.

सर्वोत्तम आठच धरतात म्हणून चार असाइनमेंट सोडून द्यायची मुलांची पद्धत आहे. सहसा नवव्या आठवड्यानंतरच्या सुटतात, आणि अवघड भाग नेमका तिथे असतो. सगळ्या सोडवा, चार मनासारख्या झाल्या नाहीत तरी चालेल.

व्हिडिओ पाहण्याआधी त्या आठवड्याचे प्रश्न उघडून दोन सोडवायचा प्रयत्न करा, चुकले तरी. मग व्हिडिओ पाहा. मुदत संपल्यावर उत्तरं जाहीर होतात, तेव्हा बरोबर आलेल्यांकडे बघूही नका. चुकलेल्या प्रत्येकासमोर वहीत एकच खूण करा: ‘व’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘क’ म्हणजे कल्पनाच कळली नव्हती, ‘ग’ म्हणजे गणितात घसरलो. चार आठवड्यांनी मोजा. ‘व’ जास्त असतील तर आणखी व्हिडिओ पाहून उपयोग नाही, सावकाश वाचायला हवं. ‘ग’ असतील तर कागदावर पायऱ्या लिहा. ‘क’ असतील तर तेवढाच व्हिडिओ पुन्हा लावा आणि कल्पना आपल्या आसपासच्या एका गोष्टीला लावून पाहा. डेटा सायन्सचा कोर्स असेल तर मिरकरवाडा बंदरातले महिनाभराचे लिलावाचे भाव वहीत उतरवा आणि कोर्समधली पद्धत त्यावर चालवा. पापलेट आणि बांगडा एकाच सरासरीत घातलेत की काय गडबड होते ते पहिल्याच दिवशी दिसेल. पुढच्या आठवड्याचा आकडा मात्र मोजण्याआधीच अंदाजाने लिहून ठेवा.